कडक उन्हात घराचे नेमके काय बिघडते, आणि ते कसे टाळावे

उष्णतेची लाट आली की माणसांनी काय प्यावे, केव्हा बाहेर पडावे, अंगावर काय घालावे याची चर्चा सर्वत्र होते, आणि ती व्हायलाच हवी. ज्या घराच्या आसऱ्याने आपण त्या लाटेपासून स्वतःला वाचवतो, त्या घरावर तीच लाट काय परिणाम करते याचा विचार मात्र सहसा छत गळू लागल्यावर किंवा भिंतीवर तिरका तडा दिसल्यावरच सुरू होतो. ही जाग उशिराची असते, कारण उन्हाने केलेले नुकसान त्या क्षणी फारसे दिसत नाही. ते साठत जाते आणि पुढे पहिल्या मोठ्या पावसात, किंवा एखाद्या रात्री विजेच्या बोर्डातून येणाऱ्या जळकट वासातून उघड होते.

वीट, काँक्रीट, पोलाद, काच यांपैकी कोणताही पदार्थ ४५ किंवा ५० अंश सेल्सिअस तापमानाने दुबळा होत नाही. घराला इजा होते ती प्रामुख्याने उष्णतेमुळे होणाऱ्या हालचालीने. तापलेली वस्तू प्रसरण पावते, निवलेली आकुंचन पावते, ओलावा गमावलेली माती आणि लाकूड आक्रसतात. आणि घर म्हणजे अशा वेगवेगळ्या प्रमाणात हलणाऱ्या वस्तू एकमेकींना घट्ट जखडून केलेली रचना असते. एक भाग हलू पाहतो आणि शेजारचा त्याला हलू देत नाही, तेव्हा दोहोंपैकी जो कमकुवत असेल तो फाटतो. घर जपण्याचे बहुतेक उपाय याच एका गोष्टीतून निघतात: तापमानातला आणि ओलाव्यातला चढउतार शक्य तितका कमी करावा, आणि जी हालचाल टळणारच नाही तिला जागा ठेवावी.

ही हालचाल किती असते? दहा मीटर लांबीचा काँक्रीटचा स्लॅब ३० अंशांनी अधिक तापला तर तो साधारण ३ ते ४ मिलिमीटरने लांब होतो. पोलादाचे प्रसरण काँक्रीटइतकेच असल्यामुळे सळया आणि काँक्रीट एकमेकांशी जुळवून राहतात. विटांच्या भिंतीचे प्रसरण मात्र त्याच्या जवळपास निम्मे, ॲल्युमिनियमचे दुप्पट आणि पीव्हीसीचे पाच ते सात पट असते. तीन-चार मिलिमीटर ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण तो स्लॅब रोज दुपारी पसरतो आणि पहाटेपर्यंत पुन्हा आखडतो, तर त्याला चिकटलेल्या गिलाव्याला मिलिमीटरचा काही अंश इतकी ओढदेखील सोसत नाही.

सर्वांत जास्त मार छताला

भिंतीवर ऊन तिरके पडते आणि काही तासच पडते. सपाट छत मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात असते. हवेचे तापमान ४० अंशांच्या आसपास असले तरी गडद रंगाच्या छताचा पृष्ठभाग ६५ अंशांच्या वर सहज जातो. स्लॅबचा वरचा भाग असा तापलेला आणि खालचा त्या मानाने थंड, त्यामुळे स्लॅब लांबीने वाढतो आणि मधोमध किंचित वर उचललाही जातो. खालच्या भिंती सावलीत असल्याने त्या तेवढ्या वाढत नाहीत. या ओढाताणीचे ठसे ठरावीक ठिकाणी उमटतात: सर्वांत वरच्या मजल्यावर स्लॅबच्या लगेच खाली जाणारी आडवी भेग, खोलीच्या कोपऱ्यांत खिडकीच्या दिशेने उतरणारे तिरके तडे, आणि कठडा स्लॅबला जिथे मिळतो तिथला सुटलेला सांधा. वरच्या मजल्यावरच भेगा दिसतात आणि खालचे मजले स्वच्छ असतात, तेव्हा बहुतेक वेळा दोष पायात नसून छताच्या तापण्यात असतो, हे ओळखता आले तर पुष्कळ अनाठायी भीती आणि खर्च वाचतो.

छत थंड ठेवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ते पांढरे करणे. गडद पृष्ठभाग सूर्यप्रकाशाचा फार थोडा भाग परत पाठवतो, तर चांगला पांढरा परावर्तक लेप नवा असताना सुमारे ७० ते ८० टक्के परत पाठवतो, आणि भर दुपारी त्या दोन छतांच्या पृष्ठभागांत २५ अंशांहून अधिक फरक पडू शकतो. लेप लावण्यापूर्वी छत घासून धुवावे, पाणी साचणाऱ्या जागी उतार नीट करून घ्यावा आणि भेगा बुजवाव्यात, कारण पांढरा रंग हा गळतीवरचा इलाज नाही. धूळ आणि शेवाळ बसले की परावर्तन घटते, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर छत धुणे हे दरवर्षीचे काम समजावे.

इथे एक फरक नीट समजून घ्यावा लागतो, कारण घरात गारवा आणणारी प्रत्येक गोष्ट घराचे रक्षण करतेच असे नाही. स्लॅबच्या खाली आच्छादन किंवा फॉल्स सीलिंग लावले की खोली थंड होते, परंतु स्लॅब स्वतः पूर्वीइतकाच, किंबहुना थोडा अधिक तापतो, कारण खाली उतरणारी उष्णता आता अडवली जाते. तेच उष्णतारोधक थर स्लॅबच्या वर, वॉटरप्रूफिंगच्या वर घातले तर खोलीही थंड राहते आणि स्लॅबचे रोजचे पसरणे-आखडणेही कमी होते. नवे काम करायचे असेल आणि निवड हाती असेल तर थर वरूनच द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. काही कारणाने ते शक्य नसेल तर छतावर सावली देणारी हलकी मांडव-रचना किंवा कुंड्यांची बाग उपयोगी पडते. मात्र कुंड्यांचे आणि ओल्या मातीचे वजन छताला पेलेल का, हे आधी अभियंत्याला विचारावे.

छतावर पाणी शिंपडून गारवा आणण्याची पद्धतही अनेकजण वापरतात. बाष्पीभवनाने छत खरोखर थंड होते, पण भर दुपारी रखरखीत तापलेल्या स्लॅबवर एकदम गार पाणी ओतले तर वरचा थर झटकन आखडतो, आतला तसाच पसरलेला राहतो आणि केसासारख्या बारीक भेगा पडतात. पाणी शिंपडायचेच असेल तर सूर्य कलल्यावर, स्लॅब निवू लागल्यावर शिंपडावे. जुन्या डांबरी वॉटरप्रूफिंगबाबत अधिक सावध राहावे लागते, कारण उन्हातील अतिनील किरणांनी आणि उष्णतेने डांबराचा लवचिकपणा वर्षागणिक कमी होतो. आधी ते कडक होते, मग त्यावर जाळीदार भेगा दिसतात आणि शेवटी कडा उचलल्या जातात. पत्र्याच्या छतात हालचाल स्क्रूपाशी जाणवते. पत्रा सरकत राहिल्याने भोके रुंदावतात आणि स्क्रूखालचे रबरी वायसर उन्हाने फाटतात, म्हणून ते तपासून वेळीच बदलावेत.

तडे वाचायला शिकणे

प्रत्येक तडा धोक्याचा नसतो. एक मिलिमीटरपर्यंतच्या रुंदीच्या भेगा बहुधा गिलाव्यापुरत्या असतात आणि रंगकामाच्या वेळी दुरुस्त करता येतात. पाच मिलिमीटरहून रुंद झालेला, विटांमधून आरपार गेलेला, वर रुंद आणि खाली निमुळता होत गेलेला, किंवा ज्याच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून पुढे-मागे सरकल्या आहेत असा तडा अभियंत्याला लगेच दाखवावा. काँक्रीटच्या बीम किंवा कॉलमवर सळईच्या दिशेने जाणारी, गंजाचे डाग असलेली भेग कितीही बारीक असली तरी ती दाखवावीच. ती उन्हाची नसून आतली सळई गंजून फुगल्याची खूण असते.

मधल्या भेगांसाठी सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे पेन्सिल. भेगेच्या दोन्ही टोकांना रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी, एका जागी रुंदी मोजून नोंदवावी आणि काही आठवड्यांनी, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी, पुन्हा पाहावे. भेग वाढत असेल तर ती बुजवण्याआधी कारण शोधायला हवे. ती केवळ उघडझाप करत असेल, तर ती छताच्या हालचालीची भेग आहे आणि ती सिमेंटने भरण्यात अर्थ नाही, कारण सिमेंट ताणले जात नाही आणि पुढच्याच मोसमात शेजारून नवी भेग उघडते. अशी भेग थोडी रुंद खोबणी करून, स्वच्छ करून, पॉलियुरेथेनसारख्या लवचिक सीलंटने भरावी. लांब इमारतींत मुद्दाम ठेवलेले प्रसरण-सांधे याच कामासाठी असतात. ते कुरूप दिसतात म्हणून सिमेंटने किंवा फरशीने बंद करणे ही मोठी चूक ठरते, कारण इमारत मग स्वतःसाठी नवा सांधा दुसरीकडे फोडून घेते.

फरशीचेही असेच होते. टाइल्स एकमेकींना अगदी चिकटवून, भिंतीलगत फट न ठेवता बसवल्या तर तीव्र उष्णतेत एखाद्या दुपारी मोठा आवाज होऊन दोन ओळी तंबूसारख्या उभ्या राहतात. टाइल्समध्ये दोन-तीन मिलिमीटरची भरलेली फट आणि भिंतीच्या कडेने स्कर्टिंगखाली झाकलेली मोकळी जागा ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे. ठोकल्यावर पोकळ वाजणाऱ्या टाइल्स उन्हाळ्याआधी काढून पुन्हा बसवाव्यात.

पायाखालची माती

छतानंतर सर्वांत गंभीर प्रश्न डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी असतो. चिकणमाती, विशेषतः काळी माती, पाणी शोषून फुगते आणि सुकल्यावर आक्रसते, कारण तिच्यातील काही खनिजांच्या अतिसूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरते आणि निघून जाते. दीर्घ उष्ण आणि कोरड्या काळात घराभोवतीची माती सुकते, पण घराखालची माती सावलीत असल्याने ओलसर राहते. त्यामुळे पायाच्या कडा आणि कोपरे खाली बसतात, मधला भाग तसाच राहतो आणि भिंती चिरतात. १९७६ सालच्या कोरड्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये अशा खचलेल्या घरांच्या तक्रारींचा पूर आला होता, आणि त्यानंतर तिथे चिकणमातीतले पाये अधिक खोल घेण्यावर भर दिला जाऊ लागला. २००३ सालच्या उष्णतेच्या लाटेत आणि दुष्काळात फ्रान्समध्येही हजारो घरांना याच कारणाने तडे गेले.

लक्षणे ओळखण्यासारखी असतात. जमीन आणि जोते यांच्यामध्ये फट दिसते, दारे-खिडक्या अचानक अडकू लागतात, कोपऱ्यातून पायरीपायरीने चढणारा तडा दिसतो आणि त्याची रुंदी वर वाढत जाते. उपाय करताना मात्र घाई नको. कोरड्या झालेल्या एकाच कोपऱ्याला भरपूर पाणी पाजले तर तो भाग फुगून असमानता आणखी वाढते. पाणी द्यायचे असेल तर घराच्या सर्व बाजूंनी सारखे, हळूहळू आणि नियमित, शक्यतो ठिबक पद्धतीने, पायापासून थोड्या अंतरावर द्यावे, आणि तेही माती फाटण्याआधीपासून. मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन केल्याने ओल टिकते. घराभोवती बाहेर उतार असलेली फरसबंदी केली तर पावसाळ्यात पाणी पायाशी मुरत नाही आणि उन्हाळ्यात माती लवकर सुकत नाही, असा दुहेरी लाभ होतो. जमिनीखालचे पाइप याच हालचालीने सांध्यात निसटतात. सर्व नळ बंद ठेवून दोन तासांच्या अंतराने पाण्याच्या मीटरचे आकडे पाहिले की गुप्त गळती कळते.

झाडांबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात आणि दोन्ही अपुरी आहेत. मोठे झाड भिंतीला सावली देते, आजूबाजूची हवा थंड करते, आणि त्याच वेळी मातीतून पुष्कळ पाणी ओढतेही. चिकणमातीवर नवे मोठे झाड लावताना ते पूर्ण वाढल्यावर जितके उंच होईल साधारण तितके अंतर घरापासून सोडावे. जुने झाड मात्र तडा दिसला म्हणून लगेच तोडू नये. त्याने वर्षानुवर्षे कोरडी ठेवलेली माती झाड गेल्यावर पाणी पिऊन फुगते आणि पाया वर उचलला जातो, ज्याचे नुकसान खचण्याइतकेच वाईट असू शकते.

लाकूड, काच आणि रंग

लाकूड उष्णतेपेक्षा हवेच्या कोरडेपणाला अधिक घाबरते. ते लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र आक्रसते, म्हणून दाराच्या फळ्यांमध्ये फटी पडतात आणि खुर्च्या-टेबलांचे सांधे खिळखिळे होतात. घरातील सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर लाकूड सुखरूप असते. बाहेरील दारे-चौकटींना वॉर्निश किंवा तेल देताना वरची आणि खालची कड वगळली जाते. ओलावा तिथूनच सर्वांत वेगाने आत-बाहेर करतो, म्हणून त्या कडा आधी बंद कराव्यात. आणि कोरड्या दिवसांत सैल झालेले दार लगेच पाचर मारून घट्ट बसवू नये, कारण दमट हवेत तेच फुगून अडकते.

काच फुटते ती तापल्यामुळे नव्हे, तिचा मधला भाग आणि चौकटीत लपलेली कड यांच्या तापमानातील फरकामुळे. साध्या काचेला सुमारे ४० अंशांचा फरक धोक्याचा ठरू शकतो, तर टफन्ड काच त्याहून कितीतरी अधिक सोसते. काचेला अगदी चिकटून जाड गडद पडदा लावणे, आतून गडद फिल्म चिकटवणे किंवा खिडकीच्या अर्ध्या भागावरच सावली पडेल अशी वस्तू ठेवणे यामुळे हा फरक वाढतो. सावली बाहेरूनच द्यावी: छज्जा, चिकाचा पडदा किंवा झडप काचेच्या बाहेर असली तर ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. तापलेली काच थंड पाण्याने धुवू नये.

रंगाला फुगे येतात ते बहुधा भिंतीत आधीच असलेल्या ओलीमुळे. ऊन तिची वाफ करते आणि रंगाचा पापुद्रा वर ढकलला जातो. म्हणून ओल थांबवल्याशिवाय पुन्हा रंग देणे व्यर्थ आहे. तापलेल्या भिंतीवर तर रंग देऊच नये, तो वरून सुकतो आणि आत पकड घेत नाही. हेच नव्या गिलाव्याला आणि काँक्रीटलाही लागू पडते. कडक उन्हात पृष्ठभागावरचे पाणी झपाट्याने उडते आणि काम होऊन काही तास होण्याआधीच भेगा पडतात. अशी कामे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करावीत, ओल्या गोणपाटाने झाकावीत आणि काँक्रीटवर किमान ७ दिवस, कोरड्या उष्ण हवेत किमान १० दिवस, सतत ओल टिकवावी.

वीज: इथे प्रश्न जिवाचा आहे

आतापर्यंतचे नुकसान पैशांचे होते. विजेच्या बाबतीत घर जळू शकते, म्हणून हा भाग प्रत्येकाने नीट समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते. वायरमधून प्रवाह वाहताना ती तापते आणि ती उष्णता आजूबाजूच्या हवेत सोडते. हवाच तापलेली असेल तर उष्णता सोडायला जागा उरत नाही. घरगुती वायरचे पीव्हीसी आवरण साधारणपणे ७० अंशांपर्यंत टिकते. ३० अंश तापमानात अशी वायर जेवढा प्रवाह सुरक्षितपणे वाहते, त्याच्या ८७ टक्केच ती ४० अंशांत वाहू शकते आणि ५० अंशांत अवघे ७१ टक्के. छतालगत, पोटमाळ्यातून किंवा उन्हाच्या भिंतीतून गेलेल्या वायरींच्या भोवती ५० अंश ही मुळीच अशक्य गोष्ट नाही. म्हणजे क्षमता घटते तेव्हाच एसी, कूलर, पंखे आणि फ्रिज सगळे एकदम चालू असतात.

म्हणून एसीसाठी योग्य जाडीची स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज आपोआप तोडणारा स्विच) हवाच, आणि तो एक्स्टेंशन बोर्डवरून कधीही चालवू नये. एमसीबी वारंवार पडत असेल तर तो अधिक क्षमतेचा बसवणे हा उपाय नव्हे, कारण एमसीबी वायरचे रक्षण करतो आणि मोठा एमसीबी वायर वितळेपर्यंत गप्प बसतो. प्लग किंवा स्विच गरम लागणे, त्याभोवती पिवळट-तपकिरी डाग दिसणे, मासळीसारखा किंवा जळका वास येणे ही सैल जोडणीची लक्षणे आहेत. तो पॉइंट त्याच क्षणी बंद करून वायरमनला बोलवावे. जोडण्यांचे स्क्रू घट्ट करून घेण्याचे काम उन्हाळ्याच्या आधीच उरकावे. वीज गेल्यावर मोठी उपकरणे बंद करावीत आणि ती परत आल्यावर काही मिनिटांनी एकेक करून सुरू करावीत, कारण पुरवठा सुरू होताना व्होल्टेज अस्थिर असू शकते.

इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी २५ अंशांच्या वर सतत राहिली तर दर दहा अंशांमागे तिचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. ती हवेशीर, सावलीच्या जागी ठेवावी आणि तिच्यातील डिस्टिल्ड वॉटरची पातळी उन्हाळ्यात अधिक वेळा पाहावी. एसीचे बाहेरचे युनिट सावलीत असावे, पण त्याची गरम हवा कोंडली जाता कामा नये. एसीतून ठिबकणारे पाणी एकाच जागी पायाशी किंवा भिंतीवर पडत राहिले तर वर सांगितलेली असमान ओल आपणच निर्माण करतो, तेव्हा ते पाइपने दूर न्यावे. गॅसचे सिलिंडर, स्प्रेचे डबे आणि लिथियम बॅटऱ्या उन्हात किंवा बंद, तापणाऱ्या जागेत ठेवू नयेत. पन्हळींतील आणि भिंतीलगतचा सुका पाचोळा काढून टाकावा. वणव्याचा धोका असलेल्या भागात घराभोवतीचा पहिला दीड मीटर पट्टा जळू शकणाऱ्या सर्व वस्तूंपासून मोकळा ठेवावा, कारण अनेक घरे वणव्याच्या ज्वाळांनी नव्हे, दुरून उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात.

उन्हातून गेलेले पीव्हीसी पाइप ठिसूळ होतात, तर गरम पाण्याने मऊ होऊन लोंबकळतात; त्यांना पांढरा रंग द्यावा किंवा वेष्टन घालावे, आधाराच्या पट्ट्या जवळजवळ बसवाव्यात आणि लांब सरळ ओळीत एखादे वळण ठेवावे, म्हणजे वाढलेल्या लांबीला वाट मिळते. छतावरील टाकीवर सावली करावी. २५ ते ४५ अंशांच्या कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढतात, त्यामुळे बरेच दिवस न वापरलेली टाकी रिकामी करून धुतल्यावरच तिचे पाणी वापरावे.

उष्णतेचा काळ ओसरल्यावर आणि पावसाला सुरुवात होण्यापूर्वी जो थोडा अवधी मिळतो, तो तपासणीसाठी सर्वांत मोलाचा असतो, कारण उन्हाने उघडलेला प्रत्येक सांधा त्या वेळी दिसतो आणि दुरुस्तीचे साहित्य बसायला कोरडा पृष्ठभागही मिळतो. कठडा आणि स्लॅब यांचा सांधा, पाइप स्लॅबमधून जिथे बाहेर येतात त्या जागा, पाणी वाहून नेणाऱ्या तोट्यांच्या कडा आणि खिडक्यांच्या चौकटींभोवतीचे सीलंट या क्रमाने पाहावे. शंका वाटल्यास, छताला तो भार पेलतो याची खात्री करून, पाणी बाहेर जाण्याची वाट बंद करावी, छतावर दोन-तीन सेंटिमीटर पाणी २४ ते ४८ तास साठवून ठेवावे आणि छताच्या खालच्या बाजूला ओलीचा डाग कुठे उमटतो ते खुणा करून ठेवावे. पाणी सोडून दिल्यावर त्या खुणांच्या वरचा आणि उताराच्या वरच्या बाजूचा भाग आधी उघडून पाहावा, कारण पाणी जिथून शिरते तिथेच खाली टपकत नाही.